फॉरमॅट मारण्याआधी लॉग वाचा
सर्व्हरवरची सर्व्हिस वारंवार पडत असेल तर खर्च किती, कुणाला आणि कशासाठी द्यायचा

लोणावळ्यातल्या वलवण, तुंगार्ली, भांगरवाडी या पट्ट्यातली हॉटेले, भाड्याने जाणारे बंगले आणि चिक्कीची दुकाने यांची बरीचशी कमाई शनिवार-रविवारची. यातल्या अनेकांकडे ‘सर्व्हर’ म्हणून जे असते तो काउंटरखाली ठेवलेला एक साधा संगणक असतो. त्यावर बिलिंगच्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस एक सर्व्हिस म्हणून मागे चालू असतो आणि रिसेप्शन, किचन, ऑफिस इथले बाकीचे संगणक त्याला जोडलेले असतात. ती सर्व्हिस पडली की सगळीकडचे बिल एकदम थांबते. कुणीतरी मशीन बंद-चालू करतो. तासभर चालते, पुन्हा पडते. मग तंत्रज्ञ येतो, विंडोज खराब झाली म्हणतो, फॉरमॅट मारतो, पैसे घेऊन जातो. पंधरा दिवसांनी तोच प्रकार.

ग्राहकाने इथे एक गोष्ट घट्ट धरावी. कारण शोधण्याचे पैसे वेगळे आणि दुरुस्तीचे पैसे वेगळे. सर्व्हिस का पडली हे बहुतेक वेळा त्याच यंत्रातल्या लॉगमध्ये, म्हणजे यंत्राने वेळ घालून आपोआप लिहिलेल्या नोंदींमध्ये, सापडते. ती नोंद कुणी समोर उघडून दाखवत नाही तोवर दुरुस्तीला होकार देऊ नये.

आधी हिशेब

समजा, दुरून स्क्रीन जोडून काम करणारा तंत्रज्ञ तासाला १,००० रुपये घेतो आणि पुण्याहून किंवा पिंपरी-चिंचवडहून प्रत्यक्ष येण्याचे १,५०० रुपये पडतात. दर माणसागणिक बदलतील. तुमच्या तंत्रज्ञाचे दर घालून हाच हिशेब पुन्हा करून पाहा.

लॉग न पाहता जाणारा रस्ता असा: एक फेरी १,५००, फॉरमॅट आणि विंडोज पुन्हा टाकणे २,०००, बिलिंग कंपनीकडून सॉफ्टवेअर परत बसवून घेणे १,५००, आणि तक्रार कायम म्हणून दुसरी फेरी १,५००. झाले ६,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी १,१७०. एकूण ७,६७० रुपये गेले आणि दोष तिथेच.

लॉग वाचून जाणारा रस्ता: दुरून एक तास, जीएसटीसह १,१८०. नोंदींवरून कळले की दर वेळी वीज जाताना यंत्र दणकन बंद होते आहे, म्हणजे यूपीएसची बॅटरी संपली आहे. नवी बारा व्होल्टची बॅटरी साधारण १,२०० रुपयांत बसते. एकूण २,३८० आणि दोष गेला. तिसरा रस्ता ‘मशीनच बदला’ हा असतो. त्याचा आकडा चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जातो, आणि बॅटरी जुनीच राहिली तर नवे मशीनही तसेच पडते.

जीएसटीबद्दल एक सूचना. ज्याची नोंदणी आहे त्यालाच हा कर लावता येतो, आणि केवळ सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात वार्षिक २० लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा नोंदणी करावी लागत नाही. बिलावर जीएसटी क्रमांक नसेल आणि तरी १८ टक्के लावले असतील तर ते देऊ नका.

रिस्टार्टच्या आधीची दहा मिनिटे

काउंटरवर गिऱ्हाईक उभे असताना थांबवत नाही हे खरे. पण ही दहा मिनिटे फुकट असतात आणि पुढचे बरेच पैसे वाचवतात.

स्क्रीनवर जो संदेश आला आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढा. घड्याळातली वेळ कागदावर लिहा, आणि संगणकाचे घड्याळ तीच वेळ दाखवते का ते बघा. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला असेल तर वीज गेल्यावर संगणकाची तारीख मागे जाते आणि लॉगमधला क्रम विस्कटतो. तो सेल पन्नास रुपयांच्या आसपास मिळतो.

मग स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करा. यादीत ‘इव्हेंट व्ह्यूअर’ असते. त्यात ‘विंडोज लॉग्ज’खाली ‘सिस्टीम’ आणि ‘अ‍ॅप्लिकेशन’ असे दोन कप्पे महत्त्वाचे. दोन्हींवर ‘सेव्ह ऑल इव्हेंट्स अ‍ॅज’ करून फाइल पेनड्राइव्हवर घ्या. डेटाबेस मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर असेल तर त्याच्या फोल्डरात ‘लॉग’ नावाचा उपफोल्डर असतो. त्यातल्या ‘एररलॉग’ने सुरू होणाऱ्या सगळ्या फाइली उचला.

हे आधी का करायचे, याचे नेमके कारण आहे. एसक्यूएल सर्व्हर प्रत्येक वेळी सुरू होताना नवा एररलॉग उघडतो आणि मुळात जुने फक्त सहा सांभाळतो. वैतागून सात वेळा रिस्टार्ट मारले की ज्या फाइलीत पहिल्या बिघाडाची हकिकत होती ती पुसली जाते. विंडोजचे स्वतःचे लॉग रिस्टार्टने जात नाहीत, पण प्रत्येक कप्प्याला मूळची मर्यादा २० एमबीची असते आणि ती भरली की सर्वांत जुन्या नोंदी मिटतात. ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ती मर्यादा २०० एमबी करणे ही दोन मिनिटांची, बिनखर्चाची गोष्ट आहे, आजच करून ठेवा. फॉरमॅट मारल्यावर मात्र काहीच उरत नाही. त्यामुळे कुणी फॉरमॅट सुचवला तर आधी लॉगची प्रत मागायची.

वाचायचे कसे

वलवणच्या तलावाचे पाणी खाली खोपोलीच्या ज्या वीजगृहाला जाते ते १९१५ साली सुरू झाले. अशा वीजगृहात संच बंद पडला तर अभियंता बंद पडण्याच्या क्षणापाशी थांबत नाही. नोंदवहीत मागे जाऊन दाब, तापमान, भार यांपैकी पहिला आकडा कुठे बिघडला ते शोधतो. संगणकाचा लॉग तसाच वाचायचा असतो. शेवटची लाल नोंद बहुधा परिणाम सांगते. कारण तिच्या काही मिनिटे, कधी काही दिवस, आधी पडलेले असते.

सिस्टीमच्या कप्प्यात ‘सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर’ या नावाच्या नोंदी गाळून काढा. क्रमांक ७०३१ किंवा ७०३४ म्हणजे सर्व्हिस अचानक बंद पडली. त्याच ओळीत ती कितव्यांदा पडली हेही लिहिलेले असते. ७००० म्हणजे ती सुरूच होऊ शकली नाही. ७००९ म्हणजे सुरू व्हायला दिलेल्या मुदतीत तिने उत्तर दिले नाही. मुदत तीस सेकंदांची असते आणि नोंदीत ती ३०,००० मिलिसेकंद अशी दिसते.

पडण्याची वेळ अशी हाती लागली की अ‍ॅप्लिकेशनच्या कप्प्यात त्याच मिनिटावर जा. तिथे ‘अ‍ॅप्लिकेशन एरर’ १००० ही नोंद असेल तर तिच्यात ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ म्हणून एका फाइलीचे नाव असते. ते नाव बिलिंग कंपनीच्या फाइलीचे असेल, तर प्रश्न त्यांच्या सॉफ्टवेअरकडे बोट दाखवतो. ‘डॉट नेट रनटाइम’ १०२६ ही नोंद सोबत असेल तर तिच्यातला मजकूर जसाच्या तसा कंपनीला पाठवा. त्यांच्या प्रोग्रामरला त्यातून बिघाडाची जागा कळते.

इतके खोलात जायचे नसेल तर स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ असे टाइप करा. दिवसवार तक्ता उघडतो आणि ज्या दिवशी काही कोसळले त्या दिवशी लाल फुली दिसते. ज्या दिवसापासून फुल्या सुरू झाल्या त्याच्या आदल्या दिवशी काय झाले, नवे अपडेट, नवा प्रिंटर, पासवर्ड बदलणे, हे बघावे.

नोंद काय सांगते आणि खिशाला किती लागते

या भागात आधी वीज तपासा. सिस्टीममध्ये ‘कर्नल-पॉवर’ ४१ आणि ६००८ या नोंदी असतील तर यंत्र नीट बंद न होता विझले आहे. पावसाळ्यात तारांवर फांदी पडून वीज जाणे इथे नवे नाही. जनरेटर असला तरी तो भार उचलेपर्यंत काही सेकंद जातात, आणि तेवढा वेळ यूपीएसने धरायचा असतो. बॅटरी म्हातारी झाली की ती त्या काही सेकंदांतच सोडते. दिवे लगेच परत येतात, म्हणून काउंटरवरच्या कुणालाच वीज गेली होती असे वाटत नाही. तक्रार ‘सर्व्हिस पडते’ एवढीच राहते. जनरेटर कधी चालू झाला याची डिझेलच्या हिशेबासाठी वही ठेवली असेल तर तिच्यातल्या वेळा आणि ४१च्या वेळा शेजारी ठेवा. जुळल्या तर रोग सापडला. बॅटरीचे हजार-बाराशे, किंवा नवा एक केव्हीएचा यूपीएस घेतला तर सहा-सात हजार. जुळल्या नाहीत तर संगणकाचा पॉवर सप्लाय, अतिउष्णता किंवा कुणीतरी बटण दाबून धरणे या शक्यता उरतात. ४१ ही नोंद फक्त विझल्याचे सांगते, कारण सांगत नाही.

डिस्कच्या नोंदी दिसल्या तर सगळे सोडून तिकडे धावायचे. ‘डिस्क’ या नावाखाली ७, ५१ किंवा १५३ या क्रमांकाच्या नोंदी वारंवार येत असतील आणि एररलॉगमध्ये ८२३, ८२४ किंवा ८२५ दिसत असेल, तर डेटा वाचताना-लिहिताना अडथळा येतो आहे. डिस्क, केबल किंवा कंट्रोलर यांपैकी काहीतरी जाते आहे. इथे रिस्टार्ट मारत राहणे महागात पडते. आधी बॅकअप दुसऱ्या डिस्कवर. मग पाचशे जीबीची नवी एसएसडी, चार-पाच हजारांचा अंदाज धरा, आणि सगळे तिच्यावर हलवण्याची एका फेरीची मजुरी. डिस्क पूर्ण गेल्यावर डेटा परत काढून देणाऱ्यांचा दर दहा हजारांच्या खाली क्वचितच सुरू होतो आणि लाखाकडेही जातो. तरी सगळा डेटा मिळेल याची हमी कुणी देत नाही. लॉगमधल्या एका इशाऱ्याची किंमत कळायची असेल तर ती या फरकात आहे.

जागा संपणे हे स्वस्त कारण. एररलॉगमध्ये ११०५ किंवा ९००२ म्हणजे डेटाबेसच्या फाइलींना वाढायला जागा नाही. डिस्क जुन्या बॅकअपनी भरली असेल तर ते बाहेरच्या ड्राइव्हवर हलवा, खर्च शून्य. मात्र फुकट मिळणाऱ्या एसक्यूएल एक्स्प्रेसला एका डेटाबेसमागे १० जीबीची मर्यादा २०२२च्या आवृत्तीपर्यंत आहे, आणि ती गाठली की १८२७ ही चूक येते. अनेक वर्षे बिले, आणि पाहुण्यांच्या ओळखपत्रांची छायाचित्रे, एकाच डेटाबेसमध्ये साठवत गेल्यावर ही वेळ येते. तेव्हा ‘लायसन्स घ्या’ हा सल्ला लगेच मानू नका, कारण ते प्रकरण लाखाच्या पुढे जाऊ शकते. आधी बिलिंग कंपनीला विचारा: जुनी वर्षे वेगळ्या डेटाबेसमध्ये काढून देता येतील का, छायाचित्रे बाहेर ठेवता येतील का? हे काम बहुधा दोन-चार तासांच्या मजुरीत बसते.

७०००च्या सोबत ७०३८ असेल आणि ‘लॉगऑन फेल्युअर’ असे शब्द असतील तर कुणीतरी विंडोजचा पासवर्ड बदलला आणि सर्व्हिसला तो सांगितला नाही. ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन नवा पासवर्ड भरला की काम संपते. यासाठी पुण्याहून माणूस बोलवायचे कारण नाही.

मेमरी अपुरी पडल्यावर ‘रिसोर्स एक्झॉशन डिटेक्टर’ २००४ अशी नोंद पडते, आणि तिच्यात सर्वाधिक मेमरी खाणाऱ्या तीन प्रोग्रामची नावे असतात. त्यात गाणी वाजवणारा ब्राउझर किंवा सीसीटीव्हीचा प्रोग्राम दिसला तर तो सर्व्हरवरून काढा. बिलिंगचीच सर्व्हिस दिवसागणिक फुगत असेल तर रॅम वाढवून दोष फक्त पुढे ढकलला जातो. ती गळती कंपनीने दुरुस्त करायची असते.

विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या यंत्रावर सर्व्हर चालवत असाल तर बदलाची तरतूद करायला हवी. पण ती सुरक्षिततेसाठी. सर्व्हिस पडण्याचे कारण म्हणून कुणी एवढेच सांगत असेल तर त्यालाही लॉगमधली ओळ दाखवायला सांगा.

सर्व्हर लिनक्सवर किंवा क्लाउडवर असेल तर

बुकिंगची वेबसाइट बऱ्याचदा भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर असते. तिथे सिस्टीमडीचे जर्नल हा मुख्य लॉग. मालकाने स्वतः ते वाचायची गरज नाही, पण तीन गोष्टी विचारता आल्या पाहिजेत. पहिली, लॉग रिबूटनंतर टिकतो का? काही सर्व्हरवर जर्नल फक्त मेमरीत राहते आणि रिबूटबरोबर जाते. टिकवून ठेवायची सोय फुकट आहे. दुसरी, ‘आउट ऑफ मेमरी’ आणि ‘किल्ड प्रोसेस’ असे शब्द आहेत का? असतील तर मेमरी संपली म्हणून लिनक्सनेच सर्व्हिस मारली आहे, आणि मोठा प्लॅन घेण्याआधी वेबसाइट इतकी मेमरी का खाते याचे उत्तर मिळायला हवे. तिसरी, वेळ कुठली? असे सर्व्हर बहुधा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहितात. आपल्या रात्रीच्या ९ वाजून १० मिनिटांच्या बिघाडाची नोंद तिथे दुपारी ३.४० अशी दिसते. साडेपाच तास न मिळवता लॉग चाळणारा भलत्याच जागी शोधत बसतो आणि त्या वेळेचे बिल तुम्ही भरता.

लाल खुणा दाखवून घाबरवणारे

निरोगी संगणकाच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्येही लाल-पिवळ्या खुणा असतातच. ‘डिस्ट्रिब्युटेडकॉम’ १००१६ ही नोंद तर जवळपास प्रत्येक विंडोजमध्ये दिसते आणि तिच्याकडे दुर्लक्ष करा असे मायक्रोसॉफ्ट स्वतः सांगते. याच खुणांचा धाक घालणारी टोळकी आहेत. ‘मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय’ असा फोन येतो, इव्हेंट व्ह्यूअर उघडायला लावतात, व्हायरस घुसला म्हणतात, स्क्रीन ताब्यात घेतात आणि पैसे मागतात. मायक्रोसॉफ्ट असे फोन करत नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

ओळखीच्या तंत्रज्ञालाही दुरून जोडणीचा कायमचा पासवर्ड देऊ नका. प्रत्येक वेळचा वेगळा द्या आणि काम झाले की प्रोग्राम बंद करा. लॉग पाठवतानाही जपा. सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या लॉगमध्ये पाहुण्यांची नावे, मोबाइल क्रमांक, कधी पासवर्डही उघडे पडलेले असतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर अख्खी फाइल टाकू नये. तंत्रज्ञाला थेट पाठवावी. वैयक्तिक डेटाच्या रक्षणाचा २०२३चा कायदा पाहुण्यांच्या माहितीची जबाबदारी हॉटेलवर टाकतो.

लॉग किती दिवस ठेवायचे? सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस सांभाळायचे आहेत. नियम सायबर घटनांसाठी असला तरी बिघाड शोधायलाही ही मुदत उपयोगी पडते. महिन्याला एकदा दोन्ही कप्पे सेव्ह करून बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवले की पुरते.

पैसे कुणाला, कोणत्या कागदावर

बिघाड झाला की हार्डवेअरवाला सॉफ्टवेअरवाल्याकडे बोट दाखवतो, सॉफ्टवेअरवाला इंटरनेटवाल्याकडे, आणि तिघांच्या फेऱ्यांचे पैसे मालक देतो. तंटा तोडायला लॉगचीच ओळ लागते. फॉल्टिंग मॉड्यूल कंपनीचे असेल तर एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभाल करारात, ते काम येते, वेगळे पैसे द्यायचे कारण नाही. डिस्कची नोंद असेल तर बिलिंग कंपनीला दोष देऊन उपयोग नाही.

एएमसी करताना करारात लिहून घ्या: शनिवारी आणि रविवारी फोन उचलणार का, किती तासांत? वर्षात किती फेऱ्या दरात येतात? बॅकअप परत भरून दाखवण्याची चाचणी वर्षातून किती वेळा? आणि प्रत्येक कामानंतर बिलावर किंवा जॉबकार्डवर लॉगमधल्या नोंदीचा क्रमांक, वेळ आणि काढलेले कारण लिहिले जाईल. शेवटची अट मान्य नसणाऱ्याशी करार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सोमवार ते शुक्रवार, दहा ते सहा असा एएमसी लोणावळ्याच्या धंद्याला जवळपास निरुपयोगी आहे, तो कितीही स्वस्त असो.

दोन बिनखर्चाच्या सोयी करून ठेवा. ‘सर्व्हिसेस’मध्ये त्या सर्व्हिसच्या ‘रिकव्हरी’ या पानावर पडल्यास पुन्हा सुरू करण्याची सूचना देता येते. त्याने शनिवारची रात्र निभावते. पण मग सर्व्हिस पडते आहे हेच कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून दर सोमवारी ७०३१ची नोंद बघायची जबाबदारी एका माणसावर टाका. दुसरी सोय छापील बिलबुकाची. जीएसटीच्या नियमांत एकाहून अधिक मालिका चालतात. क्रमांक सलग आणि वेगळे हवेत. यंत्र पडल्यावर हातबिल फाडा, नंतर ती बिले त्याच क्रमांकांनी सॉफ्टवेअरमध्ये चढवा. हे बुक काउंटरवर असले की तंत्रज्ञाला दुप्पट पैसे देऊन रात्री बोलावण्याची वेळ येत नाही.

पैसे घेऊन काम न करणाऱ्याविरुद्ध दाद मागताना एक भेद लक्षात ठेवा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेली सेवा ग्राहकाच्या व्याख्येत बसत नाही. मात्र केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली सेवा बसते. स्वतः राबून दोन-तीन खोल्यांचे होमस्टे किंवा चिक्कीचे दुकान चालवणाऱ्याला तक्रारीची वाट मोकळी आहे; कंपनीच्या नावाने चालणाऱ्या रिसॉर्टला बहुधा करारावर आणि दिवाणी न्यायालयावर विसंबावे लागेल. आधी लेखी नोटीस द्या, सोबत बिल, जॉबकार्ड आणि दुरुस्तीच्या आधीचे व नंतरचे लॉग जोडा. दुरुस्तीनंतरही तीच नोंद पुन्हा दिसते, हा तुमचा सर्वांत भक्कम पुरावा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि तिथे न भागल्यास पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार दाखल करायला शुल्क नाही.